खुंटाचे फुटवे

१२ ऑक्टोबर २००४, मंगळवार

औषधांच्या वेळा, झोप, जेवण हे सगळं डॉक्टरांच्या कागदावर मी भरतोच. ही वही वेगळी. घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून ही.

माझ्या बायकोला, प्रमोदिनीला, ऑगस्टमध्ये झटका आला. सकाळी देवाची फुलं काढून आली आणि ओट्याशीच कोसळली. रिक्षा धामणकर नाक्यावर अडकली. सुताच्या गाठोड्यांचा ट्रक मागे घेत होते, पुढून टेम्पो, बाजूला लोकांच्या शिव्या. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी खिडकीतून "पेशंट हाय, भाई, पेशंट!" असं ओरडत होतो. नाका मोकळा असता तर काय झालं असतं, हा विचार रोज येतो.

उजवा हात गेला. उजवा पाय ओढत धरून-धरून चार पावलं टाकते. वाचा गेली, फक्त एक शब्द उरला. "सोमवार." चहा हवा तरी सोमवार, दुखलं तरी सोमवार, माझ्याकडे बघूनही सोमवार. जन्मभर पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरं शिकवली त्या बाईने. समज किती उरली आहे विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "सांगणं कठीण आहे, काका. फार अपेक्षा ठेवू नका."

मी कोर्टात कारकून होतो. पुरावा नसेल तर अपेक्षा ठेवायची नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

२४ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. दर वर्षी दसऱ्यानंतर ती मागच्या अंगणातल्या गुलाबांची छाटणी करायची. सगळी कलमी झाडं, बरीचशी तिने स्वतः डोळा भरून केलेली. मी त्यांना कधी हात लावला नव्हता. पण तिची झाडं वाया जाऊ द्यायची नाहीत असं ठरवलं आणि कात्री घेतली.

झाडांची दशा झाली होती. जुन्या फांद्या तपकिरी, गाठाळ, निम्म्या वाळलेल्या. पण बुडातून मात्र नव्या, सरळ, पोपटी फांद्या जोरात वर आल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं! झाडांनी आपणहून उभारी धरलीय. मी जुनं सगळं जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवलं आणि नव्या फांद्यांना वाट करून दिली.

तिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं होतं, बघून मन रमेल म्हणून. ती डाव्या हाताने गजांवर मारायला लागली. "सोमवार! सोमवार! सोमवार!" आवाज फाटला तरी थांबेना. कात्रीची धास्ती घेतली असेल. शेवटी तिच्याकडे बघायला ठेवलेल्या हौसाने खिडकी लावून घेतली. ही वडप्याहून येते, अंगाने मजबूत आहे आणि मनाने चांगली.

"बाई लय घाबरल्या, काका," ती म्हणाली. "आता न्हाय दाखवू त्यांना."

दाखवणार नाही. हात ओरबाडून निघाले, पण काम झालं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. मुलगा शार्दूल आणि सून सई पुण्याहून आले. शार्दूलला मी अंगणात नेऊन झाडं दाखवली. पोपटी फांद्या माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. एक वाटेत येत होती ती मी मध्यावर छाटली, तर तिथून चार फुटल्या, एवढा जोम! फक्त कळी अजून एकाही फांदीला नाही. शार्दूल म्हणाला, "वा, बाबा. आईपेक्षा छान ठेवलीत." संध्याकाळी तिला धरून ओसरीवर आणलं. झाडांकडे बघून ती रडली. आनंदाने असावं, किंवा झटक्यानंतर माणसं उगाच रडतात म्हणतात, तसं.

रात्रीची भांडी आवरून सई आत गेली, तसा शार्दूलने विषय काढला. बदलापूरच्या पलीकडे एक संस्था आहे. नर्सेस आहेत, व्यायाम करून घेतात. "तुमची कंबर बघा, बाबा. तुम्ही पडलात तर? आणि आईला काय, इथे काय आणि तिथे काय, तिला कुठे कळतंय?"

मी विचार करतो म्हणालो. आम्ही तिच्या खाटेशीच बसलो होतो. ती जागी होती. मध्येच तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येत असेल म्हणून मी दिवा मालवला.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

ती जेवत नाही. घास तोंडात धरून ठेवते आणि मी वळलो की थुंकते. हौसाच्या हातून दोन घास जातात, माझ्या हातून एकही नाही. आज मी ताट आपटलं. भात भिंतीपर्यंत उडाला. मग मीच तो गोळा करत बसलो.

शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम दिवसभर धडधडतात. वीज गेली की एकदम शांत होतं आणि त्या शांततेत तिचा श्वास ऐकू येतो. लूमच बरे.

कधी कधी वाटतं, एखाद्या दुपारी दोघंही झोपावं आणि उठूच नये. हे शार्दूलला सांगता येणार नाही. इथे लिहितो.

५ डिसेंबर, रविवार

कोणीतरी सांगितलं, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात लुळा हात बुडवला की फरक पडतो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी भाड्याची ओम्नी सांगितली आणि गेलो.

कुंडावर गर्दी होती. मी आणि हौसाने तिला पायरीवर बसवलं आणि तिचा हात पाण्यात धरला. पाणी फार गरम होतं. हात लुळा असला तरी चटका कळतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. हौसाच म्हणाली, "काका, सोडा, लाल झालाय बाईंचा हात."

येताना ती गाडीच्या काचेला डोकं लावून होती. वज्रेश्वरीच्या बाहेर रस्त्याकडेला एक रोपवाटिका लागली तेव्हा काचेवर बोट आपटत "सोमवार, सोमवार" करायला लागली. आज रविवार आहे, मी म्हटलं. असं का म्हटलं कोण जाणे.

२० डिसेंबर, सोमवार

दुपारी मी औषधाच्या दुकानात होतो. परत आलो तर हौसा दारात. "काका, बाई खाटेवर न्हाय! मी धुणं पिळत व्हते, तवर..."

ती मागच्या अंगणात होती. पायऱ्यांवरून बसत-घसरत उतरली असणार, लुगडं मागून सगळं मातीने भरलेलं. गुलाबाच्या वाफ्यात बसली होती आणि डाव्या हाताने झाडं उपटत होती. मी जोपासलेल्या नव्या फांद्या बुडाशी धरून, अंगाचा सगळा भार टाकून ओढत होती. हात रक्ताळलेला. मी धरायला गेलो तर माझ्याकडे बघून मोठमोठ्याने तो एकच शब्द. तिच्या डोळ्यांत असा राग मी आमच्या संसारात पाहिला नव्हता.

स्वतः लावलेली झाडं! पोटच्या पोरांसारखी वाढवलेली! डॉक्टर फोनवर म्हणाले, मेंदूला इजा झाली की असा हिंसकपणा येतो, प्रिय गोष्टींवर आधी येतो.

म्हणजे आता तेही गेलं.

२६ डिसेंबर, रविवार

आज शार्दूलच्या समोर घडलं. बुधवारी एकदा झालं होतं, आज पुन्हा. टीव्हीवर समुद्राच्या बातम्या चालू होत्या, लाटेने गावंच्या गावं नेली म्हणून, आम्ही तिकडे बघत होतो आणि ती निसटून वाफ्यात गेली. शार्दूलने तिला उचलून आणलं. हातात काटा मोडला होता, तो सईने काढला. शार्दूल मोरीत जाऊन तोंड धुऊन आला, पण रडल्याचं लपलं नाही.

"बाबा, आता पुरे," तो म्हणाला. "ती उद्या पायरीवरून पडेल. संक्रांत झाली की रविवारी गाडी घेऊन येतो. तोपर्यंत हात बांधून ठेवा. मऊ कापडाने. मी डॉक्टरांना विचारलंय."

मी हो म्हणालो.

२९ डिसेंबर, बुधवार

तिच्याच जुन्या सुती साडीची पट्टी फाडली. खुर्चीच्या दांड्याला डावा हात बांधतो, दुपारी मी किंवा हौसा जवळ नसलो की. पहिल्या दिवशी वाटलं ती ओढाताण करेल. तिने आपणहून हात पुढे केला. मी गाठ मारत असताना ती गाठीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

हौसा म्हणाली, "मी न्हाय बांधायची, काका. तुमीच बांधा." मग मीच बांधतो.

जेवण आता पूर्ण बंदच आहे. दूध तेवढं घेते.

९ जानेवारी २००५, रविवार

आजचं आजच लिहायचं.

तिने उपटलेल्या फांद्या अंगणाच्या कोपऱ्यात पडून होत्या. पालापाचोळा जाळायचा म्हणून आज ओढून काढल्या. जाळायच्या आधी कशासाठी तरी एक उचलून बघितली. बुडाशी मातीने माखलेला सालीचा तुकडा, जमिनीखालून निघाल्याचा. दुसरी बघितली, तशीच. तिसरी तशीच. मग मी सगळ्या ओट्यावर एकीशेजारी एक मांडल्या, जसा कोर्टात मुद्देमाल मांडायचो. वाळलेल्या होत्या तरी ओळखू येत होत्या. सगळ्यांची पानं बारीक, एका देठाला सात. वरची, जुन्या लाकडावरची एकही फांदी त्यात नव्हती. चुकूनही नव्हती.

झाडांपाशी गेलो. जिथे तिचा हात पोचला होता तिथल्या झाडांवर मी ऑक्टोबरमध्ये तासलेल्या जुन्या गाठाळ बुंध्यांतून तांबूस कोंब आले आहेत. एकाला कळी आहे. एका देठाला पाच पानं. आणि भिंतीकडच्या मागच्या ओळीत, जिथवर ती घसरत जाऊ शकली नाही, तिथे पोपटी रान माजलंय, कळी नाही, आणि मूळचं झाड आत काळं पडलंय.

मग एकेक आठवायला लागलं. इतकी वर्षं चहा पिताना ती सांगायची आणि मी पेपर वाचायचो. खाली जंगली गुलाबाचा खुंट असतो. त्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, भरतात. खुंटाला फुटवे आले की काढायचे, नाहीतर सगळा रस तेच ओढतात आणि कलम मरतं. कात्रीने कापायचे नाहीत, कापले की दुपटीने येतात. मुळाशी धरून ओरबाडून काढायचे.

ती झाडं मोडत नव्हती.

खिडकीच्या गजांवर ती मारत होती तेव्हा मी तिच्या डोळ्यांदेखत कलमं कापत होतो आणि फुटवे राखत होतो.

आत गेलो. ती खुर्चीत होती, हात बांधलेला. गाठ सुटेना. मी ती दातांनी सोडवली.

१० जानेवारी, सोमवार

रात्रभर वाटत राहिलं, मी स्वतःची समजूत घालतोय. योगायोगही असू शकतो. खालच्या फांद्या हाताशी येतात म्हणून खालच्याच तोडल्या असतील.

सकाळी दोन फांद्या आणल्या, एक खुंटाची, एक कलमाची. ताटात तिच्यासमोर ठेवल्या. तिने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि खुंटाची उचलून जमिनीवर टाकली. पुन्हा आणल्या, जागा बदलून. तेच. मग मी लबाडी केली. कलमाच्याच एका फांदीला चुकून सात पानांचं देठ होतं, ती पुढे ठेवली. ती टाकेना. पानांकडे तिने बघितलंच नाही. फांदीचं बूड अंगठ्याने चाचपलं, तिथे लाकडावरून कापल्याची खूण होती, माती नव्हती, आणि ती ताटात सरळ ठेवून दिली. पानं मोजायची नसतात, कुठून निघाली ते बघायचं असतं.

आणि मग ती म्हणाली, "सोमवार." न ओरडता. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराला सातव्यांदा सांगावं तशी.

म्हणजे तिला सगळं कळतं. सगळंच कळत होतं. दिवाळीत खाटेशी बसून आम्ही जे बोललो तेही. "तिला कुठे कळतंय" हेही.

मी तिच्या पायांशी बसलो आणि काय बोललो ते इथे लिहिणार नाही. तिने हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही. ठेवायला हवा होता असंही नाही. थोड्या वेळाने तिने दाराकडे बोट केलं.

हौसाच्या मदतीने खुर्ची अंगणात नेली. मी कात्री काढली तर ती किंचाळली. माझं मनगट धरून खाली नेलं, मातीत. बोटांनी माती उकर, असं दाखवलं. फुटवा मुळावरून जिथे निघतो ती जागा लागली. धरला, खाली ओढला. सालीसकट निघाला. ती पाठ टेकून बसली आणि डोळे मिटले.

दुपारी माझ्या हातून अर्धी वाटी भात जेवली.

१६ जानेवारी, रविवार

शार्दूल गाडी घेऊन आला. मागची सीट काढून गादी घातलेली. सईने येताना तिच्यासाठी नवा गाऊन आणला होता.

फोनवर सगळं सांगितलं होतं, तो मानत नव्हता. "बाबा, तुम्हाला जे दिसायला हवंय ते दिसतंय."

"तू स्वतः बघ," मी म्हणालो आणि ताट आणलं. दोन फांद्या ठेवल्या. शार्दूल, सई, हौसा, सगळे खाटेभोवती उभे.

तिने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं. मग दोन्ही फांद्या ताटासकट ढकलून दिल्या. ताट घरभर वाजत गेलं.

"प्रमोदिनी, एकदाच," मी म्हणालो. फांद्या पुन्हा ठेवल्या. पुन्हा ढकलल्या. तिसऱ्यांदा तिने डोळेच मिटून घेतले.

शार्दूलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही वाटतं हो, बाबा, की तिला कळावं. तुमच्यापेक्षा कमी वाटतं का?" तो दाराकडे वळला. "चला. बॅग कुठे आहे?"

साक्षीदार फिरला की वकिलाचं जसं होतं तसं माझं झालं. आणि मग तिच्याकडे बघताना मला दिसलं की आम्ही चौघं तिच्याभोवती उभे आहोत, तिच्याबद्दल बोलतो आहोत, आणि ऑगस्टपासून एकदाही कोणी तिला विचारलेलं नाही.

मी खाटेवर बसलो. "प्रमोदिनी, शार्दूल तुला बदलापूरच्या पुढे एका संस्थेत न्यायला आलाय. तिथे बायका बघतील तुला. माझी कंबर खरंच गेली आहे, तो खोटं बोलत नाही. तुला जायचं आहे का?"

तिने डोळे उघडले. कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं, मग शार्दूलकडे. डाव्या हाताने खाटेची पट्टी धरली. बोटांची पेरं पांढरी पडली.

"नाही जायचं," मी म्हणालो. "ती इथेच राहील."

"बाबा, ही काय..."

"मला आता कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, शार्दूल."

तो खाली बसला. तिचा पट्टी धरलेला हात सोडवायला गेला असावा, पण त्यावरच्या ओरखड्यांवर त्याची बोटं थांबली. "आई," तो म्हणाला, "मी आहे गं." ती त्याच्याकडे बघून तो एकच शब्द इतक्या हळू म्हणाली की तो तिच्या कुशीत डोकं घालून रडला. त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही. जाताना एवढंच म्हणाला की रात्रीची एक बाई ठेवाच. हौसाची नणंद आहे, धोंडूबाई. उद्यापासून येईल. रिकामी गाडी गल्लीतून मागे घेताना त्याला बराच वेळ लागला.

३० जानेवारी, रविवार

आज मागची ओळ. तिने भिंतीकडच्या झाडाकडेच खुर्ची न्यायला लावली. निवृत्त झाली त्या वर्षी तिने केलेलं, फिकट पिवळं. मी माती उकरली. डोळा भरलेल्या जागेची गाठ बोटाने दाबली तर भुगा झाला. पार मेलं होतं. ते मी ऑक्टोबरमध्ये जमिनीसरशी कापलं होतं, नीट आठवतंय, कारण तेच सगळ्यात वाळकं दिसत होतं. त्या रंगाचं दुसरं झाड आमच्याकडे नाही.

मी तिला सांगितलं, मी मारलं. तिने मान हलवली. नाही म्हणून नव्हे. ठाऊक आहे, म्हणून.

खुंटाचे फुटवे मात्र ताठ होते. मी एकेक ओढून काढले. शेवटच्या, सगळ्यात सरळ फुटव्याला हात घातला तर तिने मनगट धरलं. हा राहू दे. मग हौसाकडून फडताळातला डबा मागवला, त्यात तिचा कलमाचा बारका चाकू आणि प्लास्टिकच्या पट्ट्या.

लाल गुलाबाच्या फांदीवरून डोळा काढायचा, खुंटाच्या सालीला चीर देऊन आत बसवायचा, पट्टीने घट्ट बांधायचं. हे काम तिच्या उजव्या हाताचं. आता दोन हात माझे आणि एक तिचा. मी चीर खोल दिली, लाकडापर्यंत. तिने नाक उडवलं. दुसरी दिली. डोळा दोनदा मातीत पडला. तिसरा बसला, तिने अंगठ्याने दाबून धरला आणि मी पट्टी गुंडाळली. माझं डोकं तिच्या डोक्याला लागलेलं. तिच्या केसांना हौसाच्या खोबरेल तेलाचा वास होता.

२० फेब्रुवारी, रविवार

कंबरेला पट्टा घालून फिरतो. धोंडूबाई घोरते, पण उठते. प्रमोदिनी जेवते. नवा शब्द एकही आलेला नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता येणार नाही.

सकाळी कलमाची पट्टी सोडली. डोळा काळा पडला होता. नखाने टोकरला तर गळून पडला.

तिथेच वाफ्यात बसलो आणि म्हणालो की माझ्या हातून हे होणार नाही, मला नाही जमत, मी सगळं मारतोच.

ती पुढे वाकली. फुटव्यावरची ती वाळकी चीर बघितली, बोट खाली सरकवलं, दुसऱ्या बाजूला, जिथे साल अजून हिरवी आणि ओली आहे तिथे. दोनदा टकटक केलं. मग हात पसरला, चाकूसाठी नव्हे, माझ्यासाठी, उठायला. तिच्या एका हाताने मी काय उठणार, पण धरला आणि उठलो.

लाल गुलाबाकडे गेलो. कुठली फांदी घेऊ, म्हणून मागे वळून तिला विचारलं. तिने दाखवली.